तरलं ते आपलं

फूटपट्टी बुडायला हवी होती. बुडण्यासाठीच तर आणली होती तिला!

मोरगव्हाणच्या प्लास्टिक केंद्रातल्या मोठ्या टाकीभोवती पाचवीची पोरं घोळका करून उभी होती. नववीतली यामिनी भंगाळे ओढणी कमरेला खोचून टाकीच्या कट्ट्यावर चढली होती आणि जादूगारासारखे हातवारे करत होती.

"ही बघा ठिबकची जुनी नळी. केळीच्या बागेत कितीतरी उन्हाळे काढून आलेली. पाण्यापेक्षा हलकी. ही टाकली! काय झालं?"

"तरली!"

"तरलं ते?"

"आपलं!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली.

"आता ही माझी फूटपट्टी. हे प्लास्टिक वेगळं, पाण्यापेक्षा जड. आपल्या रुळांखालच्या स्लीपरला हे चालत नाही. ही टाकली! बुडालं ते?"

"पर..." पोरांचा आवाज अर्ध्यातच लटकला.

फूटपट्टी पाण्यावर पडून होती. सुट्टीत मामाच्या गावाला आल्यासारखी, हातपाय ताणून.

"ताई, तुमची पट्टी आपली निघाली," पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली आणि सगळी पोरं खिदळली.

यामिनीनं पट्टी बोटानं खाली दाबली. पट्टी उसळून वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. टाकीच्या कडेला पांढरी रेघ धरली होती, दुधाची साय वाळावी तशी. यामिनीनं मागचापुढचा विचार न करता ओलं बोट जिभेला लावलं.

थू! गणपतीपुळ्याच्या सहलीत लाट नाकातोंडात गेली होती, ते पाणी याच्यापुढे गोड म्हणावं.

"काय करू राहिली वं पोरी! घाण पाणी ते!" नळ्या निवडणाऱ्या इंदूबाई पलीकडून ओरडल्या. "मीठ आहे त्यात. शेवाळ धरू नये म्हणून भाऊ टाकतात. तुले नाही माहीत?"

नाही, यामिनीला माहीत नव्हतं. मात्र तिला दुसरं काही माहीत होतं, जे इंदूबाईंना माहीत नव्हतं, आणि ते आठवल्याबरोबर तिच्या कानशिलांत गरम काहीतरी चढत गेलं.

मिठाच्या पाण्यात बुडणारंही तरंगतं.

आता हे इतकं कशाला लावून घ्यायचं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी स्लीपरचं सांगायला हवं.

रुळांना खालून घट्ट धरून ठेवणारे आडवे ठोकळे म्हणजे स्लीपर. आधी ते लाकडाचे होते, मग सिमेंटचे आले. पण सिमेंट भाजताना जो धूर आभाळात जातो त्याचं बिल आता सगळ्यांनाच भरावं लागत होतं. मोरगव्हाणचा मार्च आताच चव्वेचाळीस अंशांवर टेकला होता आणि मे महिन्यात माणसं दुपारची घराबाहेर दिसायचीच बंद झाली होती. म्हणून नियम आला, की नव्या लाइनीला सिमेंटचा स्लीपर लावायचा नाही. त्यावर 'कदलीपथ' नावाच्या कंपनीनं या केळीच्या पट्ट्यात येऊन एक भन्नाट युक्ती काढली. घड कापल्यावर केळीचं खोड बांधावर कुजत पडतं. त्यातला धागा काढायचा. ठिबकच्या फाटक्या नळ्यांचे डोंगर पडलेले असतात, त्या वितळवायच्या. मध्ये दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणारं रसायन घालायचं. त्यातून जो ठोकळा निघतो त्याला वाळवी लागत नाही, तो तडकत नाही, आणि पाण्यात टाकला तर चक्क तरंगतो. कंपनीच्या पत्रकावर फोटोच होता: तळ्यात तरंगणारा काळा स्लीपर आणि त्यावर ऐटीत बसलेला बगळा.

पण ते रसायन भारी सोवळं होतं. त्याला एकाच प्रकारचं, शुद्ध प्लास्टिक चालायचं. स्वस्तातल्या नळ्यांमध्ये बनवणारे खडूची भुकटी मिसळतात. अशा नळीला केळीचा धागा धरतच नाही. ठोकळ्यात जागोजाग पोकळ्या राहतात, त्यांत पाणी शिरतं, धागा कुजतो. वरून स्लीपर काळाकुळकुळीत, देखणा. आत मात्र किडक्या दातात खिळा ठोकावा तसा स्क्रू बसलेला. उन्हात रूळ तापला की तो लांबायला बघतो, लांबायला जागा नसली की वळणावर बाहेर रेटतो. स्क्रूनं धरलं तर ठीक. सोडलं, तर दोन रुळांमधलं अंतर फाकणार. पुढचं सांगायला विज्ञान लागत नाही.

शहरांत प्लास्टिक निवडायला प्रकाशाची यंत्रं आहेत. वस्तूवर किरण टाकायचा, परत आलेल्या उजेडावरून तिची जात ओळखायची. काळ्या वस्तूवरून मात्र काही परतच येत नाही, आणि ठिबकची नळी असते काळी. लाखमोलाचं यंत्र तिच्यापुढे आंधळं! म्हणून ही टाकी. शुद्ध नळी पाण्यावर राहते, खडूची तळाला जाते. यामिनीनं हेच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ठणकावून सांगितलं होतं आणि शेवटी हात उंचावून म्हटलं होतं, "तरलं ते आपलं, बुडालं ते परकं!" पहिला नंबर. त्याआधी वर्गात उभं राहून हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज फुटत नव्हता, त्या पोरीचं वाक्य आता केंद्राच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. 'भंगाळे, भंगारवाले' म्हणून चिडवणारी पोरंही हल्ली जरा जपून असत.

आणि काकानं, तिच्या सख्ख्या डिगंबरकाकानं, त्याच भिंतीखालच्या टाकीत पोत्यानं मीठ ओतलं होतं.

डिगंबर भंगाळे घरातल्या बंगईच्या झोपाळ्यावर बसून आरशात फेटा बांधून बघत होते. रविवारी मोरगव्हाण ते जंक्शन ही नवी लाइन सुरू होणार होती आणि स्टेशनासमोर केंद्राचे प्रमुख म्हणून त्यांचा सत्कार होता. यामिनी दप्तरासकट आत घुसली.

"काका, टाकीत मीठ कशाला?"

"शेवाळ," काका आरशातून म्हणाले.

"खोटं."

फेट्यावरचे हात थांबले.

"शेवाळासाठी मूठभर पुरतं. तिथे समुद्र केलाय तुम्ही! माझी फूटपट्टी तरंगली, काका. पाचवीच्या पोरांसमोर! खडूच्या सगळ्या नळ्या तरताहेत आणि सरळ स्लीपरमध्ये जाताहेत."

"हळू बोल."

"का? भिंतीवर तर एवढ्या मोठ्यानं लिहिलंय!"

काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. ते तसे वाईट माणूस नव्हते, आणि यामिनीचा संताप त्यामुळेच जास्त होत होता. तिच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती म्हणून त्यांनीच तिला इथे ठेवून घेतलं होतं. स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून त्यांनी डोळे पुसले होते.

"हे बघ," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "निम्मा माल खडूचा येऊ राहिला. परत केला की शेतकरी म्हणतो, मग बांधावरच जाळतो. कंपनी म्हणते, माल कमी पडला तर केंद्र दुसऱ्या गावाले नेऊ. इंदूबाई, तुझी काकू, ह्या सगळ्या बाया कुठी जातील? तू भाषण केलं, टाळ्या घेतल्या. केंद्र चालवणं भाषण नाही, बेटा. थोडा खडू गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. रेल्वेनं चाचण्या घेतल्याच ना?"

"नमुने कोणी निवडून दिले होते?"

काका मांडीवरच्या फेट्याची घडी घालू लागले.

"आणि तुम्ही बायांना काय सांगितलं होतं? यामिनीच्या भाषणानं शेतकरी सुधारले, आता माल चांगलाच येतो! मी घरभर मिरवलं ते, काका. मूर्खासारखं मिरवलं. आणि काकूचे हात? सगळा हिवाळा भेगांतून रक्त येत होतं. तुम्ही म्हणत होतात, थंडीनं फुटले. रोज रात्री मी व्हॅसलीन चोळत होते तिला!"

"यामिनी." आता काकांचा आवाजही करडा झाला. "दोन वर्षं या घरात जेवू राहिली तू. बाहेर एक शब्द बोलली तर हे घर उठेल. खाल्ल्या मिठाला जाग."

ते वाक्य खोलीत पडलं आणि तसंच पडून राहिलं. आपण काय बोलून गेलो हे काकांच्याही बहुतेक ध्यानात आलं, कारण त्यांनी नजर वळवली.

"बरं," यामिनी म्हणाली. "मग आजपासून खात नाही."

तिनं शब्द पाळला, अगदी अक्षरशः. त्या संध्याकाळी ती चुलीपाशी जाऊन आपल्या वाट्याचं वरण मीठ टाकायच्या आधीच काढून घेऊन आली.

"हे काय नवीन वं?" मंदाकाकूनं विचारलं. "उपास?"

"नाही. मिठाला जागायचं नाहीये मला."

"काय बोलू राहिली ही? अहो, काय झालं हिले?"

"परीक्षा जवळ आली," काका ताटात बघत म्हणाले.

अळणी वरण म्हणजे पिवळं गरम पाणी. दुसऱ्या दिवशी काकूनं तिची लाडकी शेवभाजी केली. ती अळणी कशी करणार, शेवेतच मीठ! यामिनीनं कोरडी भाकरी पाण्यासोबत गिळली आणि राग आणखी तिखट झाला. तिखटाला बंदी नव्हती.

शाळेत मुख्याध्यापक फेगडे सरांनी तिला बघताच विचारलं, "स्वागताचं भाषण पाठ झालं?"

"सर, त्या लाइनीवर गाडी चालवायची नाही." तिनं एका दमात सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. पहिल्या गाडीचे दोन डबे शाळेच्या मुलांसाठी ठेवले होते. झेंडे आले होते, टोप्या आल्या होत्या.

"हे बघ यामिनी, तू हुशार आहेस म्हणून सांगतो. हुशारी दाखवायची एक वेळ असते. रविवार पार पडू दे. मग आपण रीतसर अर्ज करू."

"सर, पाचवीची पोरं बसणार आहेत त्या गाडीत."

"म्हणूनच म्हणतो, त्यांचा आनंद घालवू नकोस."

"रूळ फाकायचीपण वेळ ठरलेली असते का, सर? रविवारनंतरची?"

"बाहेर जा."

ती बाहेर गेली, पण वर्गात गेली नाही. सायकल काढली आणि केळीच्या बागांमधून रूळ धरून निघाली. दोन्ही बाजूंना घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, वर औषध फवारणारे ड्रोन भुंग्यांसारखे गुणगुणताहेत, आणि मध्ये तिच्या वाक्यावर उभी असलेली ती चकचकीत नवी लाइन. ज्याला त्याला रविवार हवा होता. कुणाला सत्कार, कुणाला टोप्या! पेडलवर पाय असा पडत होता की जणू खाली कुणाची तरी मान होती.

खिरव्या नाल्याच्या पुलाआधी लाइन मोठं वळण घेते. तिथे सायरा तडवी मॅडम झाडाखाली डबा खात होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या, या लाइनीच्या इंजिनीअर. बोलणं असं तुटक, की दोन शब्द वाचले तर संध्याकाळी घरी नेतील.

"शाळा नाही?"

"आहे. तुमचे स्लीपर सडके आहेत."

मॅडमनी घास खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लॅबचा दाखला आहे माझ्याकडे."

"नमुने काकांनी निवडलेले!"

"तुझ्या काकांवर राग आहे म्हणून आलीस?"

"हो!" यामिनी ओरडली. "आहे राग! राग आहे म्हणून खोटं कसं होईल?"

स्क्रूसाठी भोकं पाडताना निघालेला काळा भुसा रुळाकडेला जागोजाग पडला होता. यामिनीनं आपली पाण्याची बाटली उघडली, इकडून तिकडून चिमटी चिमटी भुसा घेऊन आत टाकला, बूच लावून खळखळून हलवली आणि मॅडमसमोर धरली.

"हे साधं पाणी आहे. हवं तर पिऊन बघा आधी... म्हणजे आता नका पिऊ."

पाणी स्थिर झालं. थोडा भुसा गळ्याशी चढून बसला. बाकीचा हळूहळू खाली येत गेला आणि तळाशी काळी चकती झाली.

तडवी मॅडमनी बाटली हातात घेऊन उन्हात धरली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "ह्या लाइनीला सहा केंद्रांचा माल आहे. स्लीपरवर केंद्राचं नाव असतं, महिना असतो. सगळी लाइन उखडा म्हणाले तर वरचे मलाच उखडतील. कधीपासून मीठ पडतंय, एवढं सांग. तेवढं सांगितलंस तर नेमका स्लीपर काढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवते."

"काका नाही सांगणार."

"मग रविवारी गाडी धावेल," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात राग होता, फक्त कामावरच्या माणसाचा, घट्ट बांधून ठेवलेला.

संध्याकाळी काका सत्काराच्या बैठकीला गेले होते. यामिनी काकूचा हात मांडीवर घेऊन भेगांमध्ये व्हॅसलीन भरत होती. थंडी जाऊन महिना झाला होता आणि भेगा जशाच्या तशा होत्या.

"काकू, टाकीत मीठ कधीपासून टाकतात गं?"

"कशाले विचारू राहिली?"

"सांग ना."

काकूनं डोळे मिटून आठवलं. "लोणच्याच्या वेळी तर नव्हतं. तेव्हा मी दुकानातून आणलं. चंपाषष्ठीला भरताचा बेत होता ना आपल्याकडे, गल्ली जेवायले होती, तेव्हा ऐन वेळी मीठ संपलं. हे म्हणाले, केंद्रात पोतं आलं आजच, त्यातलं आण. हो, तेव्हाच. पहिलंच पोतं होतं ते." आणि ती हसली. "तू बोटं चाटून खाल्लं होतं त्या मिठाचं भरीत. दोनदा मागून घेतलं."

यामिनीचा हात थांबला. म्हणजे तिनंही खाल्लं होतं. त्या पहिल्या पोत्याचं पहिलं मीठ खुद्द तिच्याच पोटात होतं! काकांचं वाक्य कानात पुन्हा घुमलं. पण आता त्याची लाज वाटली नाही, उलट असा काही भडका उडाला की डोळ्यांत पाणीच आलं.

"काकू, मीठ शेवाळासाठी नाहीये," ती म्हणाली आणि सांगत गेली. टाकी, खडू, नमुने. शेवटी, "आणि तुझे हात थंडीनं नाही फुटले."

काकूनं आपले दोन्ही तळवे उघडून बघितले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"मले शेवाळ म्हणाला होता," ती एवढंच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचा उल्लेख एकेरीत केला होता.

शनिवारी सकाळी काळू वारकेंच्या शेततळ्याभोवती अर्धं गाव जमलं. यामिनीनं रात्रीच जाऊन चंपाषष्ठीचं सांगितलं होतं, आणि तडवी मॅडमनी रातोरात मोरगव्हाण केंद्राचे दोन स्लीपर आणून ठेवले होते. एक चंपाषष्ठीच्या आधीचा, एक नंतरचा, खिरव्याच्या वळणावरून काढलेला. दिसायला जुळे भाऊ. कंपनीचे दातार साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले होते आणि सारखं घड्याळ बघत होते. फेगडे सर होते. फेटा नसलेले काका होते. आणि मागे, सगळ्या निवडणाऱ्या बायांना सोबत घेऊन, काकू होती.

"हा काय पोरखेळ आहे?" दातार म्हणाले. "उद्या उद्घाटन आहे, मॅडम."

"तुमच्याच पत्रकावरचा फोटो काढायचाय," तडवी मॅडम म्हणाल्या. "बगळा तेवढा नाही मिळाला."

रेल्वेच्या गँगच्या माणसांनी पहिला स्लीपर झोका देऊन तळ्यात सोडला. धप्प! पाणी उसळलं, स्लीपर खाली गेला आणि सावकाश वर येऊन पाठ दाखवत डुलू लागला, म्हशीसारखा. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी सवयीनं ओरडलं, "तरलं ते आपलं!"

मग दुसरा. धप्प!

पाणी उसळलं. तरंग काठाला येऊन लागले आणि विरले. सगळे वाट बघत राहिले. तळ्यातून दोन-तीन बुडबुडे आले, आणखी एक आला, आणि मग काहीच आलं नाही.

या वेळी कुणीही घोषणा पुरी केली नाही.

"ह्याचा स्क्रू," तडवी मॅडमनी खिशातून काढून दाखवला, "पाना लावायच्या आधी हातानं फिरला. आणि भोकाला वास येत होता. सडक्या केळीचा."

फेगडे सरांनी आपल्या शाळेच्या पोरांकडे बघितलं आणि खाली बसले, तिथेच, धुळीत.

दातार साहेब मात्र बसणाऱ्यांतले नव्हते. "कंपनीचं तंत्र शंभर टक्के निर्दोष आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "पहिला तरला, बघितलंत ना? दोष निवडीत आहे. ह्या बायका! अडाणी बायकांना टाकीवर बसवलं की दुसरं काय होणार? लक्ष गप्पांत. उद्याच्या उद्या सगळ्यांना काढून टाका, भंगाळे. मी वर तसं कळवतो."

बायांमध्ये कुजबुज उठली. इंदूबाई पुढे येऊ लागल्या. "आम्ही तर जे बुडे ते..." पण त्यांना शब्द सापडेनात, कारण काही बुडतच नव्हतं, हे कसं सांगायचं?

यामिनी काकांकडे बघत होती. आता बोलतील. आता. काकांची नजर पाण्यावर होती, जिथे बुडबुडे येऊन गेले होते. त्यांनी ओठ ओले केले आणि पुन्हा मिटून घेतले. दातार साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काकांनी तो ठेवू दिला!

ते बघितलं आणि यामिनीच्या आतलं उरलंसुरलं बूच उडालं.

"काका!" तिचा आवाज तळ्यावरून पलीकडच्या केळीच्या बागेत जाऊन आदळला. "गप्प काय उभे आहात? खाल्ल्या मिठाला जागा!"

सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

"माझं सोडा, मी दोनच वर्षं खाल्लं. तुम्ही किती वर्षं खाताय काकूच्या हातचं? त्या हाताला अडाणी म्हणतोय हा माणूस! रोज त्या टाकीत हात घालून तिनं तुमचं मीठ सोसलं, आणि रोज घरी येऊन त्याच हातांनी तुमच्या ताटात मीठ वाढलं. कुणाच्या मिठाला जागणार तुम्ही? ह्यांच्या?"

काकू पुढे आली. तिनं फक्त दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. भेगांचे पांढरे-लाल नकाशे सकाळच्या उन्हात सगळ्यांना दिसले. तिच्या बाजूला इंदूबाईंनी हात पुढे केले. मग तिसरीनं. मग रांगेनं सगळ्यांनी.

काकांनी खांद्यावरचा हात बाजूला केला. ते पुटपुटले. कुणाला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं!" यामिनी किंचाळली. तिला दया येत नव्हती. यायला हवी होती कदाचित, पण येत नव्हती.

"मीठ मी टाकलं," डिगंबर भंगाळे म्हणाले. "बायांना काही माहीत नव्हतं. चंपाषष्ठीपासून. मी टाकलं."

तडवी मॅडमनी फोन काढला आणि दूर जाऊन उद्याची गाडी थांबवली.

गाव काही यामिनीला खांद्यावर घेऊन नाचलं नाही. झेंडे, टोप्या, गाडीची फेरी, सगळं तिनं बुडवलं होतं. दुपारपर्यंत तिचं नाव 'बुडवी' पडलं. पाचवीची ती चिमुरडी तर रस्त्यात तोंड फिरवून गेली, आणि ते सगळ्यात जास्त लागलं. खिरव्याच्या वळणावरचे स्लीपर उपटायला माणसं लागली होती. काकांना कंपनीनं बोलावलं होतं, रेल्वेनंही बोलावलं होतं. दातार साहेबांना कुणी बोलावल्याचं ऐकू आलं नाही. यामिनी दिवसभर धुमसत होती. टाकी रिकामी करायला बायांसोबत गेली तेव्हा बादल्या इतक्या जोरात उपसत होती, की इंदूबाई म्हणाल्या, "हळू वं माय, टाकीचा काय दोष!"

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. भरीत होतं. काकूनं हिरव्या मिरच्यांचं, भरपूर लसणाचं, खमंग भरीत केलं होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तिनं यामिनीचं ताट वाढलं आणि डाव्या बाजूला, पानाच्या टोकाशी, चिमूटभर मीठ ठेवलं.

"खाय," ती म्हणाली. "हे माझं आहे. दुकानातून आणलं."

यामिनीनं भरतात मीठ कालवलं आणि घास घेतला. दोन दिवसांनंतरचं ते मीठ जिभेवरून सरळ डोळ्यांत चढलं. तिनं मान खाली घातली आणि खात राहिली.

समोर काकांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. ताटाच्या डाव्या कडेकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

"मंदा," ते अगदी हळू म्हणाले, "मीठ?"

काकू तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

"टाकीत टाकलं ना सगळं," ती म्हणाली.

काकांनी पुढचा घास मोडला.